वटवाघळाचं खरं माप

हाडवाल्या बाईंचा राग आधी पोचायचा, बाई मागून यायच्या. चपलांवरून कळायचं. बाई शांत असल्या तर चटक-चटक. चिडलेल्या असल्या तर फटाक्-फटाक्. आणि फारच भडकलेल्या असल्या तर जिन्यात मधेच आवाज बंद, कारण तेव्हा बाई कठड्याला धरून कुणाला तरी मनातल्या मनात झाडत असायच्या. दहावीच्या वर्गाला हे बसल्या बाकावरून ओळखू यायचं. त्या वर्गात दिसत कुणालाच नव्हतं. ऐकू मात्र भिंतीपलीकडचंही यायचं.

"थांबल्यात जिन्यात," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं. "आज कुणावर?"

"तसंनाही सरांवर," असं उत्तर बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

तसंनाही सर म्हणजे मुख्याध्यापक. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या तोंडून सरळ वाक्य निघालेलं कुणी ऐकलं नव्हतं. "तसं नाही हो बाई. म्हणजे, आहे तसंच. पण अगदीच तसं नाही." वर्गात एक मुलगी होती, तिचं नावच रेडिओ पडलं होतं, कारण ती कुणाचाही आवाज लावायची. ती सरांचं हे वाक्य असं काही काढायची, की एकदा खुद्द शिपाई "आलो सर" म्हणून रिकाम्या ऑफिसात जाऊन आला.

बाईंचा मुख्य राग मात्र सरांवर नव्हता. तो एका ओळीवर होता. जीवशास्त्राचं पुस्तक ब्रेलमध्ये आलं, तेव्हा बाई या शाळेत नव्या होत्या. त्यांनी उत्क्रांतीचा धडा काढला, एका मुलाला वाचायला सांगितला. मुलगा बोटं फिरवत वाचायला लागला, "खालील आकृती काळजीपूर्वक पाहा." त्याच्या खालची ओळ त्यानं त्याच सुरात वाचली, "आकृती वगळली आहे."

"परत वाच," बाई म्हणाल्या.

त्यानं परत वाचलं. तेच होतं.

"पाहा म्हणायचं आणि खाली वगळली आहे म्हणायचं!" बाईंनी टेबलावर हात आपटला. "जेवायला बोलवायचं, पानावर बसवायचं आणि ताट उचलून न्यायचं! कोण आहे तो मेला?"

मेला कोण ते कळलं नाही. परीक्षेच्या नियमात आणखी एक गंमत निघाली. आकृतीच्या प्रश्नाला अंध विद्यार्थ्यांना सूट. त्याऐवजी व्याख्या लिहा. सगळे म्हणाले, किती समजूतदार नियम! बाई म्हणाल्या, "सूट कापडाच्या दुकानात मिळते. डोक्याला कसली सूट?"

तेव्हापासून बाईंनी हाडं करायला घेतली.

हे त्यांना जमण्याचं कारण माहेरी होतं. बाईंचे वडील कवळ्या बनवायचे. लोकांच्या घरात खिडकीत फुलदाण्या असतात, यांच्या खिडकीत प्लास्टरचे जबडे वाळत असायचे. येणारा पाहुणा चहा पिता पिता सहा माणसांच्या हिरड्यांकडे बघायचा आणि बिस्कीट नको म्हणायचा. बाई लहानपणापासून वडिलांच्या शेजारी बसून प्लास्टर कालवायच्या. ते किती पातळ हवं, थिजताना कसं गरम होतं, कुठल्या क्षणी साच्यातून काढायचं, हे सगळं त्यांच्या हातात होतं. वडील म्हणायचे, "डोळ्याला फसवता येतं, पोरी. जिभेला नाही. तिला केससुद्धा लागतो." शाळेत आल्यावर बाईंना कळलं, की जिभेच्या तोडीची आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे या मुलांची बोटं. म्हणून प्रत्येक हाड पुरं झालं, की बाई स्वतः डोळे मिटून ते चाचपायच्या. डोळे मिटून कळलं तर पास. नाही कळलं तर हातोडी.

देवावर बाईंचा पुरेपूर विश्वास होता. त्यामुळेच त्याच्याशी त्यांचं रोज वाजायचं. सकाळी हात जोडायच्या आणि तक्रारी सुरू. आतून सासूबाई ओरडायच्या, "अगं सूनबाई, प्रार्थना करतेस की पाणीवाल्याशी भांडतेस?" कुणी खोचकपणे विचारलं, देवाला मानता आणि उत्क्रांती कशी शिकवता, तर बाई म्हणायच्या, "त्यानं घडवलं ते कसं घडवलं, हे विचारलं म्हणून तो रुसणार असेल, तर तो देव नव्हे, आमचे अध्यक्ष."

अध्यक्ष म्हणजे शाळेच्या संस्थेचे. पांढरे कपडे, अत्तर, आणि आवाजात सतत थोडं पाणी. मुलांच्या डोक्यावरून हात फिरवत ते म्हणायचे, "देवाघरची फुलं हो, देवाघरची फुलं!" मुलं त्यांना फुलं-आजोबा म्हणायची, आणि अत्तराचा वास आला की डोकी खाली घालायची.

या वर्षी बाईंनी धड्यासाठी चार हात केले. माणसाचा हात, घोड्याचा पुढचा पाय, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा वल्ह्यासारखा पर. कातडी नाही, मांस नाही, नुसती हाडं. चारही एका मापाचे, म्हणजे बाकावर शेजारी शेजारी बसतील आणि बोटांना ताडून बघता येतील. तो तास छान झाला. वर एक हाड, खाली दोन, मग मनगटाचे खडे, मग बोटं. मुलं एकावरून दुसऱ्यावर जात होती आणि कुजबुज वाढत होती.

"बाई, हे पण तसंच आहे!"

"बाई, ह्याला एकच बोट का? बाकीची कुठं गेली?"

"बाई, हा पंख नाहीच आहे. हा हात आहे. नुसती बोटं ताणलीत."

रेडिओ सगळ्यात उशिरा बोलली. देवमाशाच्या पराच्या बोटांवर आपली बोटं ठेवून ती म्हणाली, "बाई, हा माझाच हात आहे. यानं फक्त हातमोजा काढलेला नाही."

बाईंना त्या दिवशी राग आलाच नाही. घरी सासूबाईंनी कपाळाला हात लावून ताप बघितला.

आठवड्याभरात ऑफिसातून बोलावणं आलं. रेडिओचे वडील आले होते. ते प्रवचनकार होते. उंच, सडसडीत, आणि आवाज असा, की माईक त्यांच्यासमोर नुसता शोभेला ठेवत असावेत. शेजारी अध्यक्ष बसले होते, पाणी आवाजात तयार ठेवून. तसंनाही सर उभेच होते.

बाई जिन्यातच सगळी उत्तरं जुळवून आल्या होत्या. माकडापासून माणूस झाला असं आम्ही म्हणत नाही, दोघांचे पूर्वज एक म्हणतो, इथपासून ते तुमच्या पाठीच्या तळाशी जे हाड आहे त्याला आपल्या बापजाद्यांनीच माकडहाड म्हटलंय, मी नाही, इथपर्यंत. दारातूनच त्या म्हणाल्या, "धर्माबद्दल बोलायचं असेल तर—"

"धर्माबद्दल मी रोज बोलतो," प्रवचनकार म्हणाले. "त्यासाठी मी तुमच्याकडे आलेलो नाही. मी वटवाघळाबद्दल आलोय."

"काय?"

"काल माझी मुलगी मला विचारते, बाबा, आपल्या झाडावर वटवाघळं लटकतात म्हणता, मग फांदी मोडत कशी नाही? मी म्हटलं, का मोडेल? तर म्हणते, त्याचा हात माझ्याएवढा आहे. बाईंनी दाखवला. आणि देवमासा म्हणे पाण्याच्या पिंपात मावेल, कारण त्याचाही हात तिच्याएवढाच!" आवाज चढला तसा कपाटाच्या काचा थरथरल्या. "बाई, तुमची उत्क्रांती मला मान्य नाही, ते राहू द्या. पण वटवाघूळ केवढं असतं, एवढं तरी खरं सांगाल की नाही मुलांना?"



चूक बाईंचीच होती, आणि ती इतकी साधी होती, की त्यांना आधी स्वतःचा, मग जगाचा आणि मग पुन्हा स्वतःचा राग आला. पुस्तकातल्या चित्रातही चारही हात एकाच मापाचे काढलेले असतात. पण डोळस मुलानं वटवाघूळ झाडावर पाहिलेलं असतं, देवमासा चित्रात जहाजाशेजारी पाहिलेला असतो. त्याला कुणी सांगावं लागत नाही. या मुलांकडे मात्र बाईंनी हातात दिलेल्या हाडाशिवाय दुसरं वटवाघूळ नव्हतंच. डोळे मिटून बाईंनी हजार वेळा चाचपलं होतं, पण डोळे मिटले तरी आधी पाहिलेलं आत शिल्लक राहतं, हे त्या विसरल्या होत्या.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. हे शब्द त्यांच्या तोंडून असे आले, जसे कुणाच्या अंगावर भिरकावतात.

"झालं तर मग!" अध्यक्षांनी हात जोडले. "प्रश्नच मिटला. मी केव्हापासून सांगतोय. ही देवाघरची फुलं. फुलांना कशाला माकडं? हा धडा काढून टाका, हाडं गोदामात ठेवा, आणि त्या तासाला खुर्च्या विणायला शिकवा. नाहीतर गाणं. गोड गातात हो! आणि परीक्षेचं म्हणाल, तर त्यांना सूट आहेच."

"तसं नाही," सर पुटपुटले, "म्हणजे आहे... सूट आहे."

"कसली सूट?" प्रवचनकारांनी मान वळवली.

"आकृतीचा प्रश्न यांना सोडवायचा नसतो," बाई म्हणाल्या. "दुसरं काहीतरी सोपं देतात. दया म्हणून."

"माझ्या मुलीला?"

"सगळ्यांनाच हो," अध्यक्ष प्रेमानं म्हणाले. "त्रास नको म्हणून."

प्रवचनकार अध्यक्षांकडे वळले. बोलले तेव्हा त्यांचा आवाज खाली होता, आणि तोच जास्त भीतीदायक वाटला. "घरी काका म्हणतात, असू दे गं, तू बस. आत्या म्हणते, तुला कशाला त्रास. लग्नकार्यात तिला कोपऱ्यातली खुर्ची. इथंही कोपऱ्यातली खुर्चीच, आणि तीसुद्धा तिनंच विणायची?" ते उठले. "बाई, तुमचा धडा खोटा आहे, असं मी उद्याही सांगणार. पण तो खोटा आहे हे माझ्या मुलीनं तो शिकून म्हणावं. न शिकता नाही. खरं माप करून दाखवा. मी वर्गात बसेन आणि वाक्यागणिक नाही म्हणेन."

"म्हणा की," बाई म्हणाल्या. "मी कुठं घाबरते?"

अध्यक्षांनी सुस्कारा सोडला. एक तास होऊ दे, म्हणाले, आपण स्वतः येऊन बसू, आणि मग धड्याचं काय ते तिथेच ठरवू. कसं ठरणार ते त्यांच्या आवाजातल्या पाण्यावरून कळतच होतं.

पुढचे दिवस बाईंच्या घरात चालायला जागा नव्हती. वटवाघळाचा हात लवकर झाला. दंड म्हणजे काडेपेटीतली काडी, बोटं म्हणजे झाडूच्या काड्या, तासून अजून बारीक केलेल्या. बाई शिंकल्या तेव्हा पहिला हात कपाटामागे उडून गेला, तो सापडलाच नाही. घोडा मापाचा झाला. देवमाशानं मात्र जीव काढला. नुसता पर पलंगाएवढा. जुन्या गादीचा कापूस, कागदाचा लगदा, पाण्याचा पाईप, वरून प्लास्टर. गादी सासूबाईंची होती.

"माझ्या गादीचा मासा केलास?" सासूबाई दारात उभ्या.

"मासा नाही तो. पिल्लांना दूध पाजतो."

"मासा नाही तर नाव देवमासा कशाला?"

"ते नाव ठेवणाऱ्याला विचारा!"

"अगं, माझ्यावर काय डाफरतेस? मी तुझ्या बाजूची आहे." सासूबाई खाली बसल्या आणि लगदा मळायला लागल्या. "ते तुमचे अध्यक्ष मला एकदा म्हणाले, आजी, आता तुम्ही नुसतं नामस्मरण करा. मी विचारलं, का हो, मला कामावरून काढलं काय?"

तासाच्या दिवशी देवमाशाचा पर तीन बाकांवर आडवा पसरला. मागे एका टोकाला प्रवचनकार बसले, दुसऱ्या टोकाला अध्यक्ष. मुलांनी अत्तराच्या वासानं डोकी खाली घातली, पण डोक्यावर हात आला नाही, तेव्हा पुन्हा वर काढली. तसंनाही सर दारात, अर्धे आत, अर्धे बाहेर.

"मागे मी तुम्हाला चुकीचं माप दिलं," बाईंनी सुरुवात केली. "चूक माझी. आज खरं माप घ्या. आधी देवमासा."

मुलं पराच्या एका टोकाला हात लावून चालू लागली. चालतच राहिली. कुणीतरी हसायला लागलं, कुणीतरी पावलं मोजायला लागलं.

"बाई, संपत नाही हा!"

"एवढा हात असेल, तर डोकं केवढं?"

"तुझ्या बढायांएवढं," दुसरा म्हणाला.

मग बाईंनी एकेकाच्या तळहातावर वटवाघूळ ठेवलं. श्वाससुद्धा जपून घ्यायला सांगितला. बोटांच्या टोकांनी मुलं ती काडी, त्या दोन काड्या, ती कणीएवढी मनगटं शोधत होती. मोजत होती. तेच होतं सगळं. एक, मग दोन, मग खडे, मग बोटं. तीन बाकांवर होतं तेच तळहातावर होतं.

"हे एकाच पूर्वजाकडून आलं," बाई म्हणाल्या.

"नाही," मागून खणखणीत आवाज आला. "एकाच कारागिरानं घडवलं. चांगला कारागीर एकच नमुना चार ठिकाणी वापरतो. सुतार प्रत्येक दाराला नवी बिजागरी शोधून काढत नाही."

अध्यक्षांनी "वा!" म्हणून मांडीवर थाप मारली. बाईंच्या कानशिलाची शीर उडायला लागली. त्या तोंड उघडणार, तेवढ्यात घोड्याच्या पायाजवळून दुसरा खणखणीत आवाज आला. अगदी तोच. तोच खर्ज, शेवटच्या शब्दाला तोच हेलकावा.

"श्रोतेहो! कारागीर चांगला, हे मान्य. पण मग या घोड्याला बोट एकच, त्याच्या दोन्ही बाजूंना या दोन बारक्या काड्या कशाला? खाली पोचत नाहीत, जमिनीला टेकत नाहीत. सुतारानं दाराला एक बिजागरी लावली, आणि शेजारी दोन मोडक्या ठोकून ठेवल्या, त्या कशासाठी, श्रोतेहो?"

वर्गात हसू फुटलं. बाक वाजले. तसंनाही सर हसू दाबताना खोकले. रेडिओ घोड्याचं हाड धरून उभी होती, तिचे कान लाल झाले होते, पण ती खाली बसली नाही.

प्रवचनकार उठून घोड्याजवळ आले. वाकले. त्या दोन काड्यांवर त्यांनी बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"यावर," ते म्हणाले, "मी विचार करून सांगेन."

"पाहिलंत?" अध्यक्ष उभे राहिले. आवाजातलं पाणी आटलं होतं. "भर वर्गात मुलगी बापाची नक्कल करते, उलट प्रश्न विचारते! हेच होतं या शिक्षणानं. श्रद्धा जाते, आदर जातो. धडा बंद. मुख्याध्यापक, हाडं उचलायला सांगा."

नापास हाडं फोडायची हातोडी टेबलावर होती, ती बाईंनी उचलून घट्ट धरली. ती कुणावर उगारायची नव्हती, पण खाली ठेवायचीही नव्हती.

"थांबा," प्रवचनकार वळले. "ती माझ्याशी भांडली."

"तेच म्हणतोय मी!"

"तुम्हाला कळत नाहीये. ती माझ्याशी भांडली. आजवर आमच्या घरात तिच्याशी कुणी भांडलेलं नाही. सगळे हो म्हणतात. तिनं काहीही म्हटलं, तरी हो गं बाई, खरं गं बाई. मीसुद्धा." त्यांचा आवाज भरून येईल असं वाटलं, पण तो उलट तापला. "माझी श्रद्धा दोन हाडांच्या काड्यांनी पडणारी असेल, तर ती मी कधीच बांधली नाही म्हणायची. त्याची काळजी तुम्ही करू नका."

"अहो, पण तक्रार तुमचीच होती!"

"मापाची होती. माप बरोबर झालं."

"मग माझी तक्रार समजा!"

"तुमचं मूल यातल्या कुठल्या बाकावर बसतं?"

अध्यक्ष दाराकडे गेले. "मुख्याध्यापक, मी सांगितलेलं ऐकू आलं ना?"

सगळ्या वर्गाचे कान दाराकडे लागले. सरांचा बूट फरशीवर घासला, एकदा आत, एकदा बाहेर.

"तसं नाही साहेब," सर म्हणाले. मग थांबले. पुढचं "म्हणजे आहे तसंच" यायची मुलं वाट बघत राहिली. ते आलं नाही. "तसं नाही," सर पुन्हा म्हणाले. "धडा पुस्तकात आहे. हाडं इथेच राहतील. तास अजून संपलेला नाही."

अत्तर जिन्यानं खाली गेलं.

बाईंनी हातोडी टेबलावर ठेवली आणि पुस्तक उघडलं. त्यांना आता हायसं वाटायला हवं होतं. पण पहिल्या बाकावरच्या मुलानं विचारलं, "बाई, हे परीक्षेत किती मार्कांना विचारतील?"

"तुम्हाला विचारणार नाहीत," बाई म्हणाल्या.

"का?"

"सूट."

"आम्हाला येतं की!" तो मुलगा ओरडला. "एक हाड, दोन हाडं, खडे, बोटं! घोड्याचं पण येतं! का नाही विचारणार?"

"कुणी ठरवलं?" मागून कुणीतरी.

"आम्ही चित्र काढू शकत नाही, पण हाड हातात द्या म्हणावं, सांगतो कुणाचंय ते!"

"आकृती वगळली आहे," रेडिओनं पुस्तकी आवाजात म्हटलं, आणि पुढे स्वतःच्या आवाजात, "त्यांचं डोकं वगळलंय."

बाक वाजायला लागले. आता ते हसून वाजत नव्हते. बाईंनी कुणालाही गप्प बसा म्हटलं नाही.

"कुठं असतं हे परीक्षेचं ऑफिस?" प्रवचनकारांनी विचारलं. ते अजून घोड्यापाशीच उभे होते.

"येता?" बाई म्हणाल्या. "आणि तिथं जाऊन उत्क्रांती खोटी आहे म्हणणार ना?"

"म्हणणारच. पण आधी म्हणेन, प्रश्न विचारा."

"मग या," बाई म्हणाल्या. "आणि आवाज असाच ठेवा."